इंधनाच्या फवाऱ्याचे बाष्पीभवन आणि प्रतिदीप्ती-प्रतिमांकन : इथेनॉल-मिश्रित पेट्रोलच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

इंजिनात फवारलेले इंधन किती वेळात, कोठे आणि किती प्रमाणात बाष्परूप होते, यावर ज्वलनाची पूर्णता, इंधनाचा खप आणि धुरातील प्रदूषके ही तिन्ही अवलंबून असतात. ही क्रिया काही सहस्रांश सेकंदांत, बंद आणि तप्त पोकळीत घडत असल्याने ती पाहण्यासाठी लेसर-प्रवर्तित प्रतिदीप्तीच्या साहाय्याने प्रतिमा घेण्याची पद्धती विकसित झाली. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, तिची मांडणी, तिच्यातून प्रमाणात्मक निष्कर्ष काढण्याची रीत आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. प्रतिमेत उजळणारे द्रव्य इंधन नसून इंधनात मिसळलेले दुसरेच द्रव्य असते. म्हणून इंधन बदलले की त्या द्रव्याची विश्वासार्हता नव्याने सिद्ध करावी लागते, हे इथेनॉल-मिश्रित पेट्रोलच्या उदाहरणावरून दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : इंधन-फवारा, बाष्पीभवन, प्रतिदीप्ती, एक्साइप्लेक्स, मागोवा-द्रव्य, इथेनॉल.

१. प्रास्ताविक

५ जून २०२१ रोजी, जागतिक पर्यावरण दिनाच्या निमित्ताने, पुणे शहरात तीन ठिकाणी शंभर टक्के इथेनॉल इंधन म्हणून उपलब्ध करून देण्याच्या प्रायोगिक प्रकल्पाचा आरंभ झाला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ पर्यंत गाठण्याचा राष्ट्रीय आराखडाही त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये असे पेट्रोल निवडक पंपांवर मिळू लागले आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्के मिश्रणाची पातळी गाठली. पश्चिम महाराष्ट्रातील ऊस उत्पादकापासून पुण्याच्या रस्त्यावरील दुचाकीस्वारापर्यंत सर्वांचा या बदलाशी संबंध आहे.

या विषयावरील सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने वाहनाचे मायलेज आणि इंजिनातील रबरी व धातूच्या भागांची झीज यांभोवती फिरते. मायलेजच्या प्रश्नाचे अंशतः उत्तर साध्या हिशेबाने मिळते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून वीस टक्के मिश्रणाच्या एका लिटरमधील ऊर्जा सहा ते सात टक्क्यांनी घटते. तथापि त्या उपलब्ध ऊर्जेचा इंजिन किती चांगला उपयोग करते, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर ज्वलनाच्या आधी घडणाऱ्या क्रियेत, म्हणजे इंधनाच्या बाष्पीभवनात दडलेले असते. द्रव इंधन जळत नाही; जळते ते त्याचे हवेत मिसळलेले बाष्प.

पुण्याच्या दृष्टीने हा विषय केवळ तात्त्विक नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनांची चाचणी व प्रमाणन करणारी संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे. इंजिने व वाहने बनविणारे उद्योग शहरात व परिसरात आहेत. पाषाण येथे १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा कार्यरत आहे. इंजिनाचे अभियांत्रिकी ज्ञान आणि रेणूंचे रसायनशास्त्रीय ज्ञान एकाच शहरात नांदत असताना, या दोहोंचा संगम जेथे होतो त्या पद्धतीचा परिचय विविध विद्याशाखांच्या अध्यापकांना व्हावा, हा या लेखामागील हेतू आहे.

२. फवारा का व कसा?

बाष्पीभवन द्रवाच्या पृष्ठभागावरून होते. म्हणून ते जलद घडवून आणण्याचा राजमार्ग म्हणजे पृष्ठभाग वाढविणे. एक मिलिलिटर इंधनाचा एकच गोल थेंब कल्पिला तर त्याचा व्यास सुमारे १.२ सेंटिमीटर आणि पृष्ठफळ पाच चौरस सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी भरते. तेच इंधन २० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबांत विभागले, तर थेंबांची संख्या सुमारे २४ कोटी होते आणि एकूण पृष्ठफळ ३,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे मूळच्या सहाशे पटींहून अधिक होते. इंजेक्टर हे उपकरण नेमके हेच कार्य करते. पेट्रोल इंजिनात इंधन हवेच्या प्रवेशमार्गात फवारले जाते तेव्हा दाब काही बारच असतो. सिलिंडरमध्ये थेट फवारताना तो शेकडो बारपर्यंत आणि आधुनिक डिझेल इंजिनात दोन हजार बारच्या घरात जातो.

एकाकी थेंबाच्या बाष्पीभवनाचा एक सुटसुटीत नियम आहे. स्थिर परिस्थितीत थेंबाच्या व्यासाचा वर्ग काळाच्या प्रमाणात घटत जातो. त्यामुळे दुप्पट व्यासाच्या थेंबाला नाहीसे होण्यास चौपट वेळ लागतो. फवाऱ्यातील काही मोजके मोठे थेंब इतरांच्या मागे रेंगाळतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर किंवा पिस्टनच्या माथ्यावर आदळून तेथे द्रवाचा पातळ थर तयार करतात, त्याचे मूळ या नियमात आहे. असा थर अपुऱ्या हवेत जळून काजळी निर्माण करतो, तसेच भिंतीवरील वंगणतेलात मिसळून ते पातळ करतो.

प्रत्यक्ष फवाऱ्यात हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. कोट्यवधी थेंब परस्परांच्या बाष्पात वावरत असतात, हवा थंड होत असते, झोत वळत-मोडत असतो. १,५०० फेरे प्रतिमिनिट या वेगाने फिरणाऱ्या इंजिनात भुजादंडाचा एक फेरा ४० मिलिसेकंदांत, तर एक अंश सुमारे ०.११ मिलिसेकंदात पूर्ण होतो. एवढ्या अल्प काळात द्रव कोठे संपतो आणि बाष्प कोठे सुरू होते, हे पाहावयाचे आहे. साध्या छायाचित्रात थेंब दिसतात, कारण ते प्रकाशाचे विकिरण करतात. बाष्प मात्र हवेसारखेच पारदर्शक असल्याने दिसत नाही. अडचण नेमकी येथे आहे. बाष्पीभवनाच्या अभ्यासात जे पाहायला हवे तेच अदृश्य असते.

३. प्रतिदीप्तीचे तत्त्व

बँकेत किंवा दुकानात नोटेची सत्यता तपासण्यासाठी ती अतिनील दिव्याखाली धरतात, तेव्हा नोटेतील काही तंतू व अंक उजळून दिसतात. त्यांवर पडणारा अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्यांतील रेणू तो शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. या आविष्काराला प्रतिदीप्ती म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनच्या द्रावणासह अनेक पदार्थांवर प्रयोग करून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा अधिक असते असे दाखवून दिले. फ्लुओरस्पार या खनिजावरून फ्लुओरेसन्स ही संज्ञाही त्यांनीच रूढ केली.

याचे कारण रेणूच्या ऊर्जापातळ्यांत आहे. प्रकाश शोषून रेणू उत्तेजित अवस्थेत जातो. त्या अवस्थेत त्याची काही ऊर्जा कंपनांच्या रूपाने आजूबाजूच्या रेणूंना दिली जाते आणि उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. हे सारे साधारणपणे काही नॅनोसेकंदांत घडते. उत्सर्जित प्रकाशाची तरंगलांबी वेगळी असल्यामुळे योग्य फिल्टर लावून लेसरचा मूळ प्रकाश व त्याचे थेंबांवरून झालेले विकिरण अडविता येते आणि कॅमेऱ्यापर्यंत केवळ प्रतिदीप्ती पोहोचू देता येते. अदृश्य बाष्पात अल्प प्रमाणात प्रतिदीप्त द्रव्य असेल, तर ते बाष्प काळोखात उजळून दिसू लागते.

मात्र दिसणारा प्रकाश नेमका कशापासून आला, ही शंका या क्षेत्रात कायम मनात ठेवावी लागते. याचे एक बोधप्रद उदाहरण भारतीय विज्ञानाच्या इतिहासात आहे. १९२३ मध्ये कोलकाता येथे सी. व्ही. रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना शुद्ध द्रवांतून विकिरण पावलेल्या प्रकाशात बदललेल्या तरंगलांबीचा एक क्षीण अंश आढळला. द्रवातील अशुद्धीमुळे उद्भवलेली ती दुर्बल प्रतिदीप्ती असावी, असे तेव्हा मानले गेले. द्रव पुनःपुन्हा शुद्ध करूनही तो अंश नाहीसा होईना. १९२८ मध्ये त्याचे खरे स्वरूप रामन परिणाम म्हणून स्पष्ट झाले. हेच रामनाथन पुढे भारतीय हवामानशास्त्र विभागात पुण्यास कार्यरत होते. प्रकाशाच्या उगमाविषयीची तीच शंका इंधनाच्या फवाऱ्याकडे पाहतानाही उपयोगी पडते.

४. द्रव व बाष्प यांना निराळे रंग देणारी युक्ती

पंपावरील पेट्रोल व डिझेल यांत अनेक ॲरोमॅटिक संयुगे असतात आणि त्यांतील काही स्वतःच प्रतिदीप्त असतात. वरकरणी ही सोय वाटते. प्रत्यक्षात ती अडचण ठरते, कारण प्रत्येक संयुगाचा उत्कलनांक व प्रतिसाद वेगवेगळा असतो आणि इंधनाची प्रत्येक खेप सारखी नसते. म्हणून संशोधक बहुधा आयसोऑक्टेन किंवा डोडेकेन यांसारखे, प्रतिदीप्ती न देणारे शुद्ध हायड्रोकार्बन इंधनाचे प्रतिनिधी म्हणून घेतात आणि त्यात ज्याचे गुणधर्म ज्ञात आहेत असे प्रतिदीप्त द्रव्य अल्प प्रमाणात मिसळतात. या द्रव्याला येथे मागोवा-द्रव्य म्हटले आहे. उदाहरणार्थ, आयसोऑक्टेनचा उत्कलनांक ९९ अंश सेल्सिअस आहे. त्यासाठी १०२ अंशांना उकळणारे ३-पेंटॅनोन पुष्कळदा निवडले जाते. दोघे जवळजवळ सारख्याच गतीने उडून जातील, ही त्यामागील अपेक्षा असते.

तरीही एक प्रश्न उरतो. द्रव थेंबातील मागोवा-द्रव्यही उजळते आणि बाष्पातीलही. द्रवाची घनता बाष्पाच्या अनेक पट असल्याने थेंबांच्या झगमगाटात बाष्पाचा मंद प्रकाश बुडून जातो. या प्रश्नावर १९८३ मध्ये अमेरिकेतील संशोधक लिन मेल्टन यांनी एक्साइप्लेक्स पद्धती सुचविली. डांबरगोळीच्या रूपाने आपल्या घराघरांत परिचित असलेले नॅप्थलीन आणि टेट्रामिथाइल-पॅरा-फेनिलीनडायअमीन, संक्षेपाने टीएमपीडी, ही दोन द्रव्ये त्यासाठी वापरली जातात. वजनाने टीएमपीडी सुमारे एक टक्का आणि नॅप्थलीन दहा टक्क्यांच्या आसपास असते.

अतिनील प्रकाशाने उत्तेजित झालेला टीएमपीडीचा रेणू द्रवात असेल, तर भोवती नॅप्थलीनच्या रेणूंची दाटी असल्याने त्याची लगेच गाठ पडते. दोघे मिळून एक अल्पायुषी संकुल बनते. हे संकुल केवळ उत्तेजित अवस्थेतच अस्तित्वात असते. प्रकाश टाकताच त्याचे दोन्ही घटक विलग होतात. यालाच एक्साइप्लेक्स म्हणतात. त्याची ऊर्जा एकट्या उत्तेजित रेणूपेक्षा कमी असल्याने त्याचा प्रकाश अधिक तरंगलांबीचा, सुमारे ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, निळसर असतो. बाष्पात रेणू विरळ असतात. नॅप्थलीनची भेट होण्यापूर्वीच एकटा टीएमपीडी आपला प्रकाश टाकून मोकळा होतो आणि तो सुमारे ३९० नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्याच्या सीमेवर असतो. एकच द्रव्य द्रवात एका रंगाने आणि बाष्पात दुसऱ्या रंगाने बोलते. दोन कॅमेरे व दोन फिल्टर लावले की द्रवाची आणि बाष्पाची प्रतिमा एकाच क्षणी स्वतंत्रपणे मिळते.

५. उपकरणांची मांडणी

या प्रयोगांत पुष्कळदा निओडिमियम-याग प्रकारचा लेसर वापरतात. त्याची मूळ तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर असते. विशेष स्फटिकांच्या साहाय्याने तिचा तिसरा भाग, म्हणजे ३५५ नॅनोमीटर, किंवा चौथा भाग, म्हणजे २६६ नॅनोमीटर, मिळविला जातो. दंडगोल भिंगांनी हा किरण पसरवून एक मिलिमीटरहून कमी जाडीचा प्रकाशाचा पडदा तयार करतात आणि तो फवाऱ्याच्या मध्यातून नेतात. काटकोनात ठेवलेला कॅमेरा त्या पडद्यावरील प्रतिमा टिपतो. अशा रीतीने फवाऱ्याचा जणू एक उभा छेद मिळतो.

लेसरचा एक स्पंद सुमारे दहा नॅनोसेकंदांचा असतो. शंभर मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारा थेंब तेवढ्या वेळात केवळ एक मायक्रोमीटर सरकतो. म्हणून प्रतिमा हलल्यासारखी पुसट होत नाही. इंजेक्शनचा आरंभ आणि लेसरचा स्पंद यांतील अंतर थोडेथोडे वाढवीत, प्रत्येक अंतरासाठी अनेक प्रतिमा घेऊन सरासरी काढली की बाष्पीभवनाचा कालक्रम उलगडतो. फवारा प्रत्येक वेळी किंचित वेगळा असतो. म्हणून एका देखण्या प्रतिमेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

हे प्रयोग काचेच्या खिडक्या असलेल्या उच्चदाब पात्रात किंवा पिस्टनच्या माथ्यात क्वार्ट्झची खिडकी बसविलेल्या संशोधन-इंजिनात केले जातात. क्वार्ट्झ वापरण्याचे कारण असे की साधी काच २६६ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषून घेते.

६. उजळपणापासून प्रमाणाकडे

प्रतिमा मिळाली म्हणजे मोजमाप झाले असे नव्हे. प्रतिमेतील एखाद्या बिंदूची तीव्रता पुढील घटकांच्या गुणाकारावर अवलंबून असते : त्या ठिकाणी पोहोचलेल्या लेसरची ऊर्जा, तेथील मागोवा-द्रव्याच्या रेणूंची संख्या, प्रत्येक रेणूची प्रकाश शोषण्याची क्षमता, शोषलेल्या ऊर्जेपैकी प्रकाशरूपाने परत येणारा अंश आणि कॅमेऱ्याची ग्रहणशक्ती. आपल्याला हवी असते केवळ रेणूंची संख्या. उरलेले घटक स्वतंत्रपणे जाणून घ्यावे लागतात. ज्ञात तापमान, दाब व प्रमाण असलेल्या बाष्पावर अंशशोधन करूनच तीव्रतेचे रूपांतर प्रमाणात करता येते.

यांतील चार अडचणी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली अडचण ऑक्सिजनची. उत्तेजित रेणूची ऑक्सिजनशी टक्कर झाली की त्याची ऊर्जा प्रकाश न टाकताच निघून जाते. याला शमन म्हणतात. टीएमपीडीच्या बाबतीत हे शमन इतके तीव्र असते की एक्साइप्लेक्सचे प्रयोग सामान्यतः नायट्रोजनमध्ये करतात. नायट्रोजनमध्ये ज्वलन होत नाही. म्हणजे या पद्धतीने ज्वलनपूर्व बाष्पीभवनाचे चित्र मिळते. ज्योत पेटल्यानंतर काय घडते हे ती सांगत नाही. ३-पेंटॅनोनसारख्या कीटोनांवर ऑक्सिजनचा परिणाम तुलनेने कमी होत असल्याने हवेतील प्रयोगांत त्यांना पसंती मिळाली.

दुसरी अडचण तापमानाची. परत येणाऱ्या प्रकाशाचा अंश तापमानानुसार बदलतो. बाष्पीभवनामुळे हवा थंड होते आणि जेथे बाष्प अधिक तेथे तापमान कमी असते. त्यामुळे एकच तापमान गृहीत धरले तर बाष्पाचे प्रमाण चुकीचे येते. बाहेरून उष्णता न मिळता हवा व इंधन मिसळत आहेत असे मानून, आधी प्रमाणाचा अंदाज, त्यावरून तापमान, त्यावरून सुधारित प्रमाण असा पुनरावृत्त हिशेब करावा लागतो.

तिसरी अडचण रंगांच्या सरमिसळीची. एक्साइप्लेक्स बनणे ही उलट दिशेनेही घडणारी क्रिया आहे. थेंब तापला की संकुले पुन्हा विलग होतात आणि द्रवातूनही बाष्पाच्या रंगाचा प्रकाश येऊ लागतो. परिणामी बाष्पाच्या प्रतिमेत थेंबांचा अंश मिसळतो व बाष्प आहे त्याहून अधिक भासते.

चौथी अडचण दाट फवाऱ्याची. इंजेक्टरच्या मुखाजवळ प्रकाश एका थेंबावरून दुसऱ्यावर असा अनेकदा विकिरण पावतो आणि धुक्यातील दिव्याप्रमाणे प्रतिमा विसविशीत होते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात २००८ च्या सुमारास यावर एक उपाय पुढे आला. प्रकाशाच्या पडद्यावर उजळ-काळोख्या पट्ट्यांची नक्षी टाकली, तर थेट आलेला प्रकाश ती नक्षी जपतो आणि अनेकदा वळलेला प्रकाश ती हरवून बसतो. पट्ट्या सरकवून घेतलेल्या प्रतिमांच्या तुलनेतून हा दुसरा अंश वजा करता येतो.

थेंबांचा सरासरी आकार काढण्याच्या रीतीतही अशीच सावधगिरी लागते. थेंबाची प्रतिदीप्ती त्याच्या घनफळाच्या, म्हणजे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात आणि विकिरण त्याच्या पृष्ठफळाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दोन प्रतिमांचा भागाकार व्यासाचे माप देतो. मात्र इंधन उडून गेले आणि मागोवा-द्रव्य थेंबात मागे राहिले, तर ते अधिक संहत होते व थेंब प्रत्यक्षाहून मोठा भासतो. बाष्पीभवनाच्या अभ्यासात नेमके बाष्पीभवनच मापनाला बाधा आणते.

७. इथेनॉलमुळे बदललेला प्रश्न

वरील विवेचनातील पद्धती शुद्ध हायड्रोकार्बन इंधने समोर ठेवून घडल्या. इथेनॉलचा स्वभाव निराळा आहे. एक किलो पेट्रोल बाष्परूप होण्यास सुमारे ३५० किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो. एक किलो इथेनॉलला सुमारे ९०० किलोज्यूल लागतो. शिवाय एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल अधिक प्रमाणात फवारावे लागते. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर एक किलो हवेमागे पेट्रोलच्या बाष्पीभवनाला सुमारे २४ आणि इथेनॉलच्या बाष्पीभवनाला सुमारे १०० किलोज्यूल उष्णता लागते. हे प्रमाण चौपट आहे. वीस टक्के मिश्रणात प्रतिकिलो अप्रकट उष्मा ढोबळ मानाने एक तृतीयांशाने वाढतो.

या शीतलतेचे परिणाम दुहेरी आहेत. थंड मिश्रण अकाली पेटत नाही, त्यामुळे इंजिनातील ठोके कमी होतात. उलटपक्षी थंड इंजिनात इंधन पुरेसे उडत नाही. ब्राझीलमधील इथेनॉलवर चालणाऱ्या अनेक मोटारींत थंडीत इंजिन सुरू करण्यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी ठेवावी लागत असे, त्याचे कारण हेच. यांतील कोणता परिणाम कोणत्या इंजिनात वरचढ ठरतो, हे सांगण्यासाठी फवाऱ्याचे प्रत्यक्ष निरीक्षण हवे. परंतु येथेच प्रतिदीप्ती-पद्धतीची गृहीतके तीन ठिकाणी डळमळतात.

एक, इथेनॉल ध्रुवीय द्रव आहे. एक्साइप्लेक्समध्ये एका घटकाकडून दुसऱ्याकडे विद्युत्भार अंशतः सरकलेला असतो. ध्रुवीय माध्यमात असे संकुल प्रकाश टाकण्याऐवजी भारित आयनांत विलग होण्याची शक्यता वाढते. त्याचा प्रकाश क्षीण होतो आणि तरंगलांबीही सरकते. थेंबातील इथेनॉलचे प्रमाण बाष्पीभवनादरम्यान सतत बदलत असल्याने, द्रवाची प्रतिमा मंदावली ती द्रव कमी झाल्यामुळे की माध्यम बदलल्यामुळे, हे प्रतिमेवरून ओळखता येत नाही.

दोन, मागोवा-द्रव्य नेमका कोणाचा मागोवा घेते हा प्रश्न उभा राहतो. नेहमीच्या लेसरच्या तरंगलांबींना इथेनॉल प्रकाश शोषत नाही. म्हणून प्रतिमेत ते अदृश्यच असते. त्याचा उत्कलनांक ७८ अंशांच्या आसपास आहे. आयसोऑक्टेनमध्ये मिसळल्यावर तर विशिष्ट प्रमाणातील मिश्रण दोहोंच्याही उत्कलनांकाखाली उकळते. त्यामुळे ९९ अंशांच्या आयसोऑक्टेनसाठी १०२ अंशांचे ३-पेंटॅनोन निवडण्यामागील सरळ तर्क येथे अपुरा ठरतो. केवळ उत्कलनांक जुळविणे पुरत नाही. मिश्रणातील प्रत्येक घटकाची उडून जाण्याची प्रवृत्ती शेजारच्या रेणूंनुसार बदलते. बाष्पाच्या प्रतिमेत उजळ दिसणारा भाग हायड्रोकार्बनने समृद्ध आणि मंद दिसणारा भाग इथेनॉलने समृद्ध असू शकतो. मंद भागाला इंधनविरहित समजणे ही गंभीर चूक ठरेल.

तीन, इथेनॉलमुळे होणारे शीतन अधिक असल्याने तापमानाची दुरुस्तीही तेवढीच मोठी होते. पेट्रोलसाठी जी त्रुटी दुर्लक्षिता येत होती, ती इथेनॉल-समृद्ध भागात निष्कर्ष उलटविण्याइतकी वाढू शकते.

याचा अर्थ ही पद्धती टाकाऊ आहे असा नाही. प्रथम मागोवा-द्रव्य घातलेल्या मिश्रणाचे बाष्पीभवन स्वतंत्रपणे मोजावे. उडालेल्या प्रत्येक अंशात त्याचे प्रमाण किती हे रासायनिक विश्लेषणाने ठरवावे. त्यानंतरच प्रतिमांवरून प्रमाण सांगावे. जेथे हे शक्य नाही तेथे प्रतिमेवरून केवळ फवाऱ्याचा आकार, पल्ला व पसरण सांगावी. त्याचबरोबर प्रतिदीप्तीवर विसंबून नसलेल्या दुसऱ्या पद्धतीची जोड द्यावी. उदाहरणार्थ, ३.३९ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण कार्बन-हायड्रोजन बंध असलेली द्रव्ये शोषतात. हायड्रोकार्बन व इथेनॉल दोन्हीही त्याला दिसतात. दोन पद्धतींचे निष्कर्ष जेथे जुळतात तेथे विश्वास वाढतो. जेथे जुळत नाहीत तेथे नव्या संशोधनाची जागा सापडते.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील शक्यता

लेसर व तीव्रतावर्धक कॅमेरे प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारे नाहीत. परंतु या पद्धतीमागील मूळ कल्पना पदवीच्या विद्यार्थ्यांना साध्या साधनांनी दाखविता येतात. काचेच्या बारीक तंतूच्या टोकाला इथेनॉलचा थेंब लटकवून मोबाइल कॅमेऱ्याने ठराविक अंतराने छायाचित्रे घ्यावीत आणि व्यासाच्या वर्गाचा काळाशी आलेख काढावा. कोरड्या हवेत तो बऱ्याच अंशी सरळ रेषा येतो. इथेनॉल व पाणी यांच्या मिश्रणात मात्र आरंभी उतार तीव्र व पुढे मंद होतो, कारण इथेनॉल आधी उडून जाते. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत शुद्ध इथेनॉलचा थेंबही हवेतील बाष्प शोषतो आणि रेषा वाकते. बहुघटकी इंधनाचे बाष्पीभवन एका नियमात का बसत नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट होते.

त्याच थेंबात फ्लुओरेसिनसारखे प्रतिदीप्त रंगद्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाहिल्यास दुसरा धडा मिळतो. थेंब आटत जातो, परंतु रंगद्रव्य उडत नाही. त्यामुळे थेंबाचा उजळपणा त्याच्या घनफळाच्या प्रमाणात घटत नाही आणि भोवतालचे बाष्प काळोखेच राहते. येथे प्रतिमा इंधनाविषयी काही सांगत नाही. ती रंगद्रव्याविषयी सांगते. चुकीचे मागोवा-द्रव्य निवडल्याने काय घडते, याचे याहून सोपे प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल. प्रयोग करताना ज्योत दूर ठेवणे, हवा खेळती राखणे आणि अतिनील प्रकाशापासून डोळ्यांचे रक्षण करणारा चष्मा वापरणे आवश्यक आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि संगणकीय प्रतिमा-विश्लेषण या तीन विषयांचे अध्यापक हा प्रकल्प संयुक्तपणे घेऊ शकतात.

९. समारोप

प्रतिदीप्ती-प्रतिमांकनाने इंजिनातील एका अदृश्य घटनेला दृश्य रूप दिले, ही त्याची मोठी देणगी होय. एक्साइप्लेक्सच्या युक्तीने द्रव व बाष्प यांना निराळे रंग मिळाले आणि फवाऱ्याचा कालक्रम उलगडला. परंतु जे उजळते ते इंधन नसते. इंधनाच्या वतीने साक्ष देणारे दुसरेच द्रव्य उजळत असते. साक्षीदार बदलत्या परिस्थितीतही विश्वासार्ह आहे की नाही, हे तपासल्यावाचून त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

देशाने इंधन बदलले आहे. त्या बदलाचे गुणदोष ठरविताना एखादी रंगीत प्रतिमा पुरावा म्हणून पुढे आली, तर अध्यापक म्हणून आपण चार प्रश्न विचारावेत : कोणते मागोवा-द्रव्य वापरले, ते इंधनाबरोबर उडते हे कसे तपासले, प्रयोग नायट्रोजनमध्ये झाला की हवेत, आणि तापमानाची दुरुस्ती केली काय? या प्रश्नांची उत्तरे ज्या प्रतिमेसोबत येतात, तिच्यावरून इथेनॉलच्या बाजूचा वा विरोधातला निष्कर्ष काढावा. इतर प्रतिमा फवाऱ्याचे चित्र म्हणून पाहाव्यात, मापन म्हणून नव्हे.